निनावी जुनं ट्रम्पेट: आधी ओळख, मग दुरुस्ती

जुनं ट्रम्पेट हाती लागलं की पहिला हात जातो चिंचेकडे आणि चुलीतल्या राखेकडे. हल्ली पितांबरीकडे. दहा मिनिटांत पितळ लखलखतं, आणि त्याच दहा मिनिटांत त्या वाद्याची ओळख पटवणारा निम्मा पुरावा मोरीतून वाहून जातो. म्हणून सगळ्यात पहिली विनंती ही: ते वाद्य घासू नका. आठवडाभर तरी नको.

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकसा, भामरागड, आलापल्ली, अहेरी या पट्ट्यात अशी वाद्यं कधी मोडलेल्या बँड पार्टीच्या पेटाऱ्यातून निघतात, कधी शाळेच्या अडगळीतून, कधी कुणाच्या आजोबांच्या माळ्यावरून. त्यांच्यावर नाव नसतं. नाव नाही म्हणून काही जण ती मोडीत घालतात, आणि नाव नाही म्हणजे फार जुनं असणार, लाखाचं असणार, असं काही जण धरून चालतात. दोन्ही अंदाज घाईचे आहेत. जंगलाच्या या टोकाशी तज्ज्ञ दुरुस्तीवाला नाही हे खरं. पण ओळख पटवण्याचं बरंचसं काम घरच्या ओसरीवर, उजेडात आणि सवडीने होऊ शकतं.

मुळात ते ट्रम्पेटच आहे का, ते बघा. कळा नसतील, नळी नुसती एक-दोन वेढे घेऊन भोंग्याकडे गेली असेल, तर ते बिगुल. पोलीस, सैन्य, स्काउट आणि शाळांची कवायत यांच्याकडून बिगुलं गावोगाव पोहोचली. ब्रिटिश पद्धतीचं बिगुल बहुधा तांब्याचं आणि त्याची कड पितळी असते. लांबलचक, अर्धचंद्रासारखं किंवा नागमोडी वळलेलं, तुकडे जोडून केलेलं असेल तर तुतारी किंवा शिंग. सरळ, निमुळतं आणि लांब असेल तर कर्णा. ही वाद्यं देवळाची आणि मानाची. त्यांचा विचार बँडच्या वाद्यासारखा करू नये. इंद्रावती नदीपलीकडे बस्तरात घडवा कारागीर मेणाचा साचा करून पितळ ओततात. ओतीव वाद्याचा जाडपणा आणि खडबडीत आतली बाजू बोटाला लगेच कळते, पत्र्याच्या वाद्यात ती नसते. असं काही हाती आलं तर ते कुठल्या गावाचं, कुठल्या देवाचं, हे आधी विचारा. गावच्या पुजाऱ्याला, म्हणजे पेरमाला किंवा गायत्याला, न विचारता ते दुरुस्तीला तर सोडाच, गावाबाहेरही नेऊ नये.

आणि वाद्य खरोखरच जनावराच्या शिंगाचं असेल तर थांबून नीट बघा. म्हशीचं शिंग काळं-करडं, चपटं, आडव्या वळ्यांचं असतं. रानगव्याचं शिंग गुळगुळीत, बुडाशी पिवळसर-हिरवट आणि टोकाला काळं. रानगवा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. दंडामी माडियांच्या नाचातली गव्याच्या शिंगांची शिरोभूषणं पिढ्यानपिढ्या चालत आली, तशी शिंगाची वाद्यंही आली असतील. त्यात त्या कुटुंबाचा दोष नाही. पण ते विकू नका, भेट देऊ नका, कुरिअरने पाठवू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

आता तीन कळांच्या वाद्याकडे वळू. तीन पिस्टन असले तरी ते ट्रम्पेटच असेल असं नाही. कॉर्नेट ट्रम्पेटपेक्षा आखूड आणि गुबगुबीत दिसतं, कारण तेवढ्याच लांबीची नळी त्यात जास्त वेढे घेते. आपल्याकडच्या जुन्या बँडमध्ये कॉर्नेटं भरपूर होती. ट्रम्पेटची लांबी साधारण अठ्ठेचाळीस-पन्नास सेंटिमीटर भरते, कॉर्नेट त्याहून बरंच आखूड. ट्रम्पेटची नळी बरंच अंतर सारख्याच जाडीची राहते आणि मग भोंगा एकदम उघडतो. कॉर्नेटची नळी हळूहळू रुंदावत जाते. माउथपीसवरही विसंबू नका. कॉर्नेटचा दांडा बारीक असतो, आणि बँडवाले हाती येईल तो माउथपीस सुतळी गुंडाळून बसवतात.

नाव शोधायची खरी जागा भोंग्याची बाहेरची बाजू आणि मधल्या पिस्टनचं नळकांडं. संध्याकाळी खोलीत अंधार करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. समोरून टाकलेल्या उजेडात जे दिसत नाही, ते तिरप्या उजेडात सावली टाकतं. मग त्याच जागेवर तोंडाने दमट हवा सोडा. वाफ विरताना पुसट कोरीव रेषा क्षणभर वेगळी उठून दिसते. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी मोबाइलवर फोटो घ्यावा. तरी वाचता आलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. एखादं अक्षर, वेलबुट्टीचा तुकडा, मुकुट, पदक, काहीही मिळालं तरी ते मोलाचं. ही कोरणी केसाएवढी खोल असते. राखेने घासलेल्या वाद्यावर ती पहिल्या काही वर्षांतच जाते.

‘हॉक्स’ एवढंच वाचता आलं आणि ‘बूझी’ त्यासोबत कुठेच नसेल, तर वाद्य बहुधा १९३० च्या आधीचं, कारण त्या वर्षी लंडनच्या या दोन कंपन्या एक झाल्या. आकडे सापडले तर ते कुठे आहेत ते टिपून ठेवा. पिस्टनवरचे १, २, ३ हे फक्त जागेचे क्रमांक. नळकांड्यावर आणि पिस्टनवर एकच मोठा आकडा असेल तर भाग मूळचे एकमेकांचे. वेगवेगळे असतील तर दोन-तीन वाद्यांतून एक जुळवलेलं आहे. बँड पार्ट्यांत हे सर्रास होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण अशा वाद्याला ‘मूळ स्वरूपात’ आणण्याचा खर्च करू नये, कारण मूळ स्वरूप असं एक नाहीच.

नावच नव्हतं, असंही असू शकतं. जर्मनीतलं मार्कनॉयकिर्शेन आणि आज चेक प्रजासत्ताकात असलेलं क्रास्लित्से, म्हणजे जुनं ग्रास्लित्स, या गावांतले छोटे कारखानदार घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिननावाची वाद्यं करून देत. व्यापारी त्यावर आपलं नाव कोरत किंवा कोरीतच नसत. मुंबईत फुर्टाडोसारखी दुकानं १८६५ पासून वाद्यं विकत आली आहेत. बिननावाच्या वाद्यावर विकणाऱ्या दुकानाची खूण सापडली तर ती बनवणाऱ्याची समजू नका. आणि सगळ्यात जास्त शक्यता मेरठची. तिथल्या जलीकोठी भागात बँडची वाद्यं बनतात. नादिर अली अँड कंपनीची सुरुवात १८८५ ची, आणि तिच्या आसपास कारागिरांची अख्खी वसाहत उभी राहिली. देशभरातल्या लग्नांच्या वराती याच वाद्यांवर वाजल्या. तुमच्या हातातलं वाद्य मेरठचं निघालं तर हिरमुसू नका. आपल्या भागाच्या इतिहासात ते परदेशी वाद्याइतकंच, किंबहुना जास्तच, बसतं.

हाताने केलेल्या वाद्याची एक सोपी परीक्षा आहे. तिन्ही पिस्टनांची खालची टोपणं काढा आणि एकमेकांच्या जागी बसवून बघा. सगळी सगळीकडे सुरळीत बसली तर आटे यंत्रावर काटेकोर पाडलेले. एक इथे बसतं आणि तिथे अडतं, असं झालं तर आटे एकेक करून हाताने पाडलेले असण्याची शक्यता मोठी. जबरदस्ती मात्र करू नका, पितळी आटा एकदा घसरला की परत येत नाही. आणि पिस्टन बाहेर काढलात तर ते आपापल्या घरातच परत गेले पाहिजेत. ‘मेलेलं’ म्हणून बाजूला टाकलेल्या कित्येक ट्रम्पेटांत दोष इतकाच असतो की दोन पिस्टनांची अदलाबदल झालेली असते किंवा एक उलटा फिरवून बसवलेला असतो. भोकं समोरासमोर येत नाहीत, हवा अडते, आणि वाद्य गेलं असं वाटतं.

धातूपेक्षा जास्त बोलतो तो पेटारा. पेटीच्या अस्तराखाली, माउथपीसच्या खाचेत, झाकणाच्या आत बघा. चिकटवलेलं लेबल, पावती, तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र, काहीही फेकू नका. पावतीवर आणे असतील तर ती बहुतेक १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षी दशमान नाणी आली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरची. जिल्हा ‘चांदा’ लिहिला असेल तर बहुधा साठच्या दशकापर्यंतचा कागद. इकडच्या गावापुढे ‘जिल्हा चंद्रपूर’ असेल तर बहुतेक ऑगस्ट १९८२ च्या आधीचा, कारण त्याच महिन्यात गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. माउथपीसवर ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० यांमधला. अर्थात हे सगळं त्या कागदाचं किंवा माउथपीसचं वय. वाद्य त्याहून जुनं असू शकतं.

मग माणसांना विचारा. इथल्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारून उपयोग नाही, आणि त्याची गरजही नाही. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा पावसाळ्यात हा भाग महिनोन् महिने जगापासून तुटलेला असे. त्यामुळे विचारायचं ते असं: हा बाजा लोकबिरादरी आली त्याआधी गावात होता का? रस्ता झाल्यावर आला का? पर्लकोटा नदीच्या कुठल्या मोठ्या पुराच्या आधी की नंतर? कुणाच्या लग्नात वाजला? कोण वाजवायचं, आणि तो कुठून आला होता? आलापल्लीहून साठेक किलोमीटर जंगलातून एखादी वस्तू इथे आली, तर ती कुणीतरी मुद्दाम आणलेली असते, आणि आणणाऱ्याची आठवण कुठेतरी शिल्लक असतेच. उत्तर माडियात मिळालं तर माडियातच लिहून घ्या, देवनागरीत, बोलणाऱ्याच्या शब्दांत. मोबाइलवर ध्वनिमुद्रणही करा. मला विचाराल तर बिननावाच्या वाद्याची सगळ्यात पक्की ओळख हीच. कारखान्याचं नाव कळलं तरी ते हजारो वाद्यांना लागू असतं; ‘अमक्याच्या वरातीत तमक्याने वाजवलेलं’ हे एकाच वाद्याला लागू असतं.

आता सूर. यासाठी कुणीतरी फुंकणारा हवा, पण एक लांब स्वर काढता आला तरी पुरे. त्याआधी माउथपीस साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि नळीत कुंभारणीचं घर नाही ना ते बघा. आपल्याकडे उघड्या पडलेल्या प्रत्येक नळीत कुंभारीण माशी मातीचं बीळ करते. कोरडं ढेकूळ तारेने खरवडू नका, कोमट पाणी भरून ते विरघळू द्या. मग मोबाइलवरच्या ट्यूनरसमोर एकही कळ न दाबता स्वर काढा. नेहमीच्या ट्रम्पेटचा मोकळा स्वर हार्मोनियमच्या काळी पाचवर येतो. तो काळी पाच आणि त्याच्या पुढची पांढरी यांच्या मधोमध लटकत असेल, तर वाद्याचा दोष समजू नका. ते जुन्या ‘हाय पिच’चं असावं. ब्रिटिश पितळी बँड एकोणिसाव्या शतकापासून थेट १९६० च्या दशकापर्यंत या चढ्या सुरात वाजत होते. सूर जुळवण्याचा त्यांचा मूळ धैवत (पांढरी सहा) सेकंदाला ४५२ कंपनांच्या आसपास, आणि आजचा ४४०, जो १९३९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला. मुख्य स्लाइड दोनेक सेंटिमीटर बाहेर ओढली की सूर उतरतो, मात्र तिन्ही पिस्टनांच्या स्लाइडही थोड्या थोड्या ओढाव्या लागतात. तेवढी जागा नसेल तर ते आजच्या बँडबरोबर जुळणार नाही. एकट्याने वाजवायला मात्र हरकत नाही.

इथवर आल्यावर दुरुस्तीचा प्रश्न विचारायचा. त्यात मला एकच कसोटी खरी वाटते: वाजवणारा कोण? आश्रमशाळेतली एखादी मुलगी रोज फुंकणार असेल, गावातला कुणी तरुण बँडमध्ये जाणार असेल, तर दुरुस्ती करा, आणि ती वाजण्यासाठी करा, चमकण्यासाठी नको. वाजवणारा कुणी दिसत नसेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. वाद्य स्वच्छ करा, कोरडं ठेवा, माहिती लिहा. पुढच्या पिढीत वाजवणारा निघाला तर त्याला सगळे पर्याय मोकळे राहतील. चुकीची दुरुस्ती ते पर्याय बंद करते.

वाजवणारा असला तरी तीन गोष्टी बघून खर्चात पडा. पिस्टन हा वाद्याचा प्राण. कळ न दाबता पहिल्या पिस्टनची स्लाइड झटकन ओढा. ‘फट्’ असा आवाज आला तर हवा धरली जाते आहे. आवाजच नाही आणि पिस्टन घरात खुळखुळतो, तर तो झिजला आहे. त्यावर नव्याने धातूचा थर चढवून घासून बसवणं हे मोजक्या कारागिरांचं काम, आणि बिननावाच्या साध्या वाद्यावर तो खर्च सहसा वसूल होत नाही. मग माउथपीसपासून निघणारी पहिली नळी बघा. श्वासाचा ओलावा तिथेच साचतो. पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं, तांबं सच्छिद्र होऊन उरतं, आणि बाहेरून लालसर-गुलाबी ठिपके दिसतात, मधोमध काळा बिंदू. हा रोग आतून बाहेर येतो. एखादा ठिपका असेल तर काही वर्षं निघतात. नळीभर पसरला असेल तर नळी बदलावी लागते. ती बदलता येते, पिस्टनासारखी अडचण नाही. भोंग्याला पडलेले पोचे मात्र दिसायला भयंकर आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी. पोचे आहेत म्हणून वाद्य टाकू नका, आणि फक्त पोचे काढायला पैसेही घालवू नका.

कामासाठी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊ नका. गॅसच्या ज्योतीने एक सांधा जुळेल आणि शेजारचे चार सुटतील, कारण हे सांधे कथील-शिशाच्या मऊ डाकाचे असतात. विदर्भात भंडारा पितळी भांड्यांसाठी जुनं आणि नावाजलेलं. तिथल्या हात बसलेल्या कारागिराला पत्र्याचं काम, सुटलेला टेकू, फाटलेली कड दाखवायला हरकत नाही. पण पिस्टन आधी काढून घरी ठेवा आणि ‘पॉलिश नको’ हे दोनदा सांगा. पिस्टनाचं काम मेरठच्या किंवा मोठ्या शहरातल्या वाद्यदुरुस्तीवाल्याचंच. पाठवण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो घ्या आणि वाद्याची किंमत, दुरुस्तीचा अंदाज, नव्या देशी ट्रम्पेटचा भाव, या तिन्ही गोष्टी एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. आकडे समोर आले की मन आपोआप ताळ्यावर येतं.

घरी काय करावं? कोमट पाणी, साध्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड. नमद्याच्या चकत्या आणि स्प्रिंगा आधी काढून ठेवाव्या. अडकलेली स्लाइड किंवा माउथपीस पक्कडीने पिळू नका. सांध्यावर पातळ तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, मग त्यावर गरम पाणी ओता आणि हलक्या हाताने ओढा. नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. चांदीचं पाणी दिलेलं वाद्य काळं पडतं आणि निकेलचं नुसतं धुरकट होतं. काळं दिसलं म्हणून घासायला घेतलंत तर चांदीच निघून जाईल. पिस्टनात खोबरेल तेल घालण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे, ती सोडा. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, आणि डिसेंबरात भामरागडची रात्र त्याहून पुष्कळ थंड असते. सकाळी कळ हलत नाही, मुलं जोर लावतात, दांडी वाकते. व्हॉल्व्ह ऑइल मागवता येतं. तोवर शिवणयंत्राचं पातळ तेल चालेल. स्लाइडला व्हॅसलीन पुरे.

पावसाळ्यात वाद्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतल्या आत घाम धरून हिरवा कळंक चढतो. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा, दोन्ही तोंडांना कापडाचे सैल बोळे द्या म्हणजे कुंभारीण आत शिरणार नाही, आणि चुलीच्या धुरापासून दूर ठेवा. ऊन पडलं की महिन्यातून एकदा सावलीत उघडा, पिस्टन हलवा, पुन्हा गुंडाळा.

विकायचा विचार असेल तर एक कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येऊ शकते, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवायला मनाई आहे. परदेशातल्या खरेदीदाराने कितीही घाई केली तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला असल्याशिवाय वाद्य टपालात टाकू नका. बिननावाच्या बँड ट्रम्पेटला बाजारात मोठी किंमत येत नाही, हेही मनाशी धरा.

द्यायचंच असेल तर आधी गावातल्या शाळेला विचारा, तिथे ते वाजेल. तुतारी, शिंग, कर्णा किंवा ओतीव वाद्य असेल आणि गावाने संमती दिली असेल, तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाशी किंवा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाशी, म्हणजे १८६३ पासूनच्या अजब बंगल्याशी, पत्रव्यवहार करा. केळकर संग्रहालयात वाद्यांचं स्वतंत्र दालन आहे. वाद्यासोबत तुम्ही टिपलेली माहिती, फोटो आणि ध्वनिमुद्रण द्या, गावाचं आणि वाजवणाऱ्याचं नाव नोंदवहीत चढलं का ते विचारा, आणि पोचपावतीची एक प्रत ग्रामपंचायतीतही लावून ठेवा.